नशेत गाणं जास्त कळतं का?

१. प्रश्न नेमका कोणता?

जानेवारीत रत्नागिरीला थिबा राजवाड्याच्या आवारात आर्ट सर्कलचा संगीत महोत्सव असतो. अशा मैफलींच्या मध्यंतरात, चहाचा कप हातात घेऊन, कुणीतरी एक प्रश्न हटकून विचारतं आणि विचारताना आवाज जरा खाली येतो: "काय हो, थोडी नशा केली की गाणं जास्त आत उतरतं म्हणतात, ते खरं का?" विचारणारा बहुधा विशीतला असतो. पण साठीतल्या रसिकांच्या मनातही तो असतोच. अमुक बुवा घेतल्याशिवाय बसत नसत, तमुक उस्तादांची अफू ठरलेली असे, असल्या कथा त्यांनी जन्मभर ऐकलेल्या असतात.

त्या कथा इथेच बाजूला ठेवू. घेऊनही चांगलं गायलेल्यांच्या कथा होतात; घेऊन ज्यांचं गाणं आणि संसार दोन्ही बुडालं त्यांच्या होत नाहीत. शिवाय ज्या बुवांबद्दल हे सांगितलं जातं त्यांच्यामागे तीस वर्षांचा रियाज उभा असतो. श्रेय कुणाला द्यायचं हे तेवढ्यावरून ठरत नाही.

दुसरी गोष्ट, 'नशा' हा काही एकच पदार्थ नाही. दारू मेंदूचा लगाम सैल करते आणि मग सगळंच मंदावतं. अफू वेदना आणि काळजी दोन्ही मिटवते. गांजा-भांगेची तऱ्हा आणखी वेगळी. या प्रकरणात मी एका चौथ्याच गटाबद्दल लिहिणार आहे. इंग्रजी वैद्यकात त्याला 'डिसोसिएटिव्ह' म्हणतात. मन आणि देह, ऐकणं आणि समजणं, 'मी' आणि 'माझं शरीर' यांची तात्पुरती फारकत करणारी ही औषधं. शस्त्रक्रियेत वापरलं जाणारं केटामाइन, दातांच्या डॉक्टरांकडचा नायट्रस ऑक्साइड वायू आणि कोरड्या खोकल्याच्या सिरपमधलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन ही त्यातली तीन मोठी नावं. खोकल्याच्या सिरपची नशा म्हटलं की आपल्याकडे कोडीन आठवतं. ते अफूच्या घराण्यातलं, त्याचा इथे संबंध नाही. डेक्स्ट्रोमेथॉर्फन हे कोडीनला पर्याय म्हणून १९५८मध्ये अमेरिकेत बाजारात आलं, आणि नेमून दिलेल्या मात्रेत ते निरुपद्रवी खोकल्याचं औषध आहे. मात्रा ओलांडली की त्याचा दुसरा चेहरा दिसतो.

हाच गट का निवडला? कारण "आवाज वेगळाच ऐकू आला", "गाणं माझ्या भोवती उभं राहिलं" हे वर्णन या औषधांच्या हलक्या अमलाखाली गेलेल्या माणसांकडून फार वेळा येतं. दारू प्यायलेला माणूस स्वतः गाऊ लागतो. या औषधाखालचा माणूस ऐकत बसतो. म्हणून आपला प्रश्न इथे सर्वात स्वच्छ विचारता येतो.

२. भूल, पण झोप नाही

कोकणातल्या एखाद्या लहान रुग्णालयाची शस्त्रक्रियेची खोली डोळ्यांपुढे आणा. आंब्यावरून पडून हात मोडलेला दहा-बारा वर्षांचा पोरगा टेबलावर आहे. हाड बसवायचं आहे, काम काही मिनिटांचं. भूलतज्ज्ञ शिरेतून केटामाइन देतात. मिनिटभरात मुलाचं बोलणं थांबतं, पण डोळे मिटत नाहीत. उघडेच राहतात, आणि बुबुळं डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे बारीक हलत राहतात. श्वास त्याचा तोच घेतो. नाडी मंदावण्याऐवजी वाढते. तोंडाला लाळ सुटते, म्हणून ती रोखणारं इंजेक्शन बऱ्याचदा सोबत देतात. हाड जागेवर सरकताना कट् असा आवाज येतो, तरी चेहऱ्यावर रेघ उमटत नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्या विद्यार्थ्याला शंका येते, याला भूल चढली आहे की नाही? चढली आहे. पण ही झोप नव्हे.

तो भानावर येऊ लागला की अनुभवी भूलतज्ज्ञ सगळ्यांना गप्प करतात. ट्रे आपटू नका, मोठ्याने हाका मारू नका, दिवा तोंडावर नको. कारण या वेळेला कानावर पडलेला आवाज आत जाऊन काय रूप घेईल याचा नेम नसतो. मोठी माणसं शुद्धीवर आल्यावर सांगतात, "मी वरून बघत होतो", "तुमचं बोलणं ऐकू येत होतं, पण ते कुणाशी तरी दुसऱ्याशी चाललं होतं." काहींना ते गोड वाटतं, काही घाबरून रडतात.

केटामाइन १९६२मध्ये अमेरिकेत पार्क-डेव्हिस कंपनीसाठी काम करताना कॅल्विन स्टीव्हन्स या रसायनशास्त्रज्ञानं तयार केलं. त्याआधीचं फेन्सिक्लिडिन हे औषध रुग्णांना तासन्‌तास भ्रमात ठेवी. त्याला सौम्य पर्याय हवा होता. १९६४मध्ये एडवर्ड डॉमिनो आणि गुंटर कॉर्सेन यांनी ते माणसांवर वापरलं आणि १९७०मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. १९८५पासून ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. श्वास बंद पडत नाही, रक्तदाब कोसळत नाही, मोठी यंत्रसामग्री लागत नाही. जिथे वीज जाते आणि मोठं रुग्णालय घाटापलीकडे असतं, तिथे हे औषध म्हणजे वरदान आहे, आणि हे मी अजिबात अतिशयोक्तीनं म्हणत नाही.

नायट्रस ऑक्साइडची गोष्ट त्याहून जुनी आणि जास्त रंजक. जोसेफ प्रिस्टलीनं हा वायू १७७२मध्ये शोधला. १७९९मध्ये इंग्लंडातल्या ब्रिस्टल इथे थॉमस बेडोज यांच्या संस्थेत वीस वर्षांचा हम्फ्री डेव्ही तो स्वतः हुंगू लागला. पुढे सोडियम आणि पोटॅशियम वेगळे करणारा तोच हा डेव्ही. त्यानं मित्रांनाही वायू दिला; त्यात कवी सदी आणि कोलरिज होते. रेशमी पिशवीतून श्वास घ्यायचा आणि काय वाटलं ते लिहून ठेवायचं, अशी पद्धत. खोलीतला प्रत्येक आवाज आपल्याला स्पष्ट ऐकू येत होता, अशी नोंद डेव्हीनं केली आहे. १८००मध्ये निघालेल्या पुस्तकात त्यानं शस्त्रक्रियेत हा वायू वेदना घालवायला उपयोगी पडेल असंही सुचवलं होतं. ते कुणी मनावर घेतलं नाही. हॉरेस वेल्स या दंतवैद्यानं त्याचा उपयोग करून पाहीपर्यंत १८४४ उजाडलं. मधली चाळीस-पंचेचाळीस वर्षं लोक या वायूची मजा लुटत होते आणि शेजारच्या खोलीत शुद्धीवर असलेल्या माणसांचे पाय कापले जात होते.

३. दोन किल्ल्यांचा लॉकर

ही फारकत होते कुठे? इथे थोडं मेंदूत शिरावं लागेल, पण फार खोल नाही.

मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात ते रसायनांच्या मार्फत. त्यातलं सर्वात सर्रास वापरलं जाणारं रसायन म्हणजे ग्लुटामेट. ते पुढच्या पेशीवरच्या ज्या दारांवर जाऊन बसतं, त्यातल्या एका प्रकारच्या दाराचं नाव एनएमडीए. हे दार बँकेतल्या लॉकरसारखं आहे. आपली किल्ली एकटी चालत नाही, बँकेची किल्लीही त्याच वेळी फिरावी लागते. एनएमडीए दाराची एक किल्ली म्हणजे ग्लुटामेट. दुसरी म्हणजे ती पेशी आधीच थोडी उत्तेजित झालेली असणं. दोन्ही एका वेळी जुळलं तरच मॅग्नेशियमचा अडसर निघतो आणि दार उघडतं.

या दाराचं काम काय, ते यावरून कळेल. 'हे आणि ते एकाच वेळी घडलं' एवढीच गोष्ट ते टिपतं. पण स्मरण, शिकणं, संदर्भ लावणं हे सगळं याच नोंदीवर उभं आहे. आत्ताचा स्वर मघाच्या स्वराशी जोडायचा, तर ही जोडणी लागते.

केटामाइन, नायट्रस ऑक्साइड आणि जास्त मात्रेतलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन ही तिन्ही या दाराशी अडथळा करतात. कुलपात काडी अडकवून ठेवावी तसं. पूर्ण भुलेच्या मात्रेत बहुतेक लॉकर बंद होतात आणि माणूस जगापासून तुटतो. हलक्या मात्रेत काही बंद, काही चालू. आवाज कानातून आत येतो, तो आहे हे कळतं, कधी कधी तो नेहमीपेक्षा मोठा आणि जवळचा वाटतो. पण त्याचा मागचा-पुढचा धागा सुटतो.

४. एकतालातली दोन 'धागे तिरकिट'

आता गाण्याकडे. संगीतात आनंद कशाचा होतो याचं एक उत्तर अमेरिकी संगीतशास्त्रज्ञ लेनर्ड मायर यांनी १९५६मध्ये मांडलं. ऐकणारा सतत पुढच्या स्वराचा अंदाज बांधत असतो. तो अंदाज पुरा होण्यात, लांबण्यात आणि गोड फसण्यात भावना जन्मते. मायर यांच्याजवळ मेंदू पाहायचं यंत्र नव्हतं. २०११मध्ये कॅनडात माँट्रियलला व्हॅलरी सालिमपूर आणि रॉबर्ट झाटोर यांनी ते पाहिलं. आवडत्या संगीतात अंगावर काटा येतो त्या क्षणी मेंदूत डोपामाइन सुटतंच, पण त्या क्षणाच्या आधी, नुसत्या वाट पाहण्यातही ते दुसऱ्या एका भागात सुटतं.

आपल्या रसिकांना हे सांगायला माँट्रियल लागत नाही. समेच्या आधी सगळ्या सभागृहाच्या माना तयार होतात आणि समेवर एकदम हलतात, ते हेच.

एक साधा हिशेब करून पाहू. विलंबित एकताल बारा मात्रांचा. गायकानं मात्रा चार सेकंदांची धरली, तर एक आवर्तन बारा चोक अठ्ठेचाळीस सेकंदांचं झालं. माणसाच्या मनाला 'आत्ता' म्हणून एकत्र धरता येणारा काळ मानसशास्त्रज्ञ ढोबळमानानं दोन-तीन सेकंदांचा मानतात. म्हणजे अठ्ठेचाळीस सेकंदांपैकी बहुतेक भाग कानात नसतो, तो स्मरणात असतो. आता ठेका म्हणून पाहा: धिं धिं, धागे तिरकिट, तू ना, क त्ता, धागे तिरकिट, धी ना. 'धागे तिरकिट' दोनदा येतं. तिसऱ्या-चौथ्या मात्रेला येतं तेव्हा त्यानंतर समेला आठ मात्रा, म्हणजे बत्तीस सेकंद उरलेले असतात. नवव्या-दहाव्या मात्रेला येतं तेव्हा उरतात दोन मात्रा, आठ सेकंद. बोल तेच, तबला तोच, कानाला फरक शून्य. यातलं कुठलं 'धागे तिरकिट' आहे हे फक्त त्यालाच कळतं, ज्याच्या मनात आधीचे बोल अजून जागे आहेत. दुसरं आलं की जाणता श्रोता मांडी सावरून बसतो.

'मागचं लक्षात आहे म्हणून आत्ताचं वेगळं वाटलं' हा गुण प्रयोगशाळेत मोजता येतो. फिनलंडचे रिस्टो नॅटानेन यांनी १९७८मध्ये दाखवलं की एकसारख्या टिक्-टिक् आवाजांच्या रांगेत मध्येच एक वेगळा आवाज आला, तर मेंदूच्या विद्युतलहरीत एक ठरावीक खळगा पडतो. माणूस त्याकडे लक्ष देत नसला तरी पडतो. मेंदू आपोआप मागची रांग धरून बसलेला असतो, त्याचा हा पुरावा. डॅनिएल उम्ब्रिख्ट आणि सहकाऱ्यांनी २०००मध्ये निरोगी स्वयंसेवकांना हलक्या मात्रेत केटामाइन देऊन हीच चाचणी घेतली. खळगा उथळ झाला. आवाज पोचत होते. 'हा आवाज रांगेत बसत नाही' ही नोंद दुबळी पडली होती.

तेव्हा पहिलं उत्तर: अशा अमलाखाली सुटा स्वर मोठा होतो, गाणं मात्र लहान होतं. तानपुऱ्याचा षड्ज विलक्षण भरीव वाटेल. पण गायिकेनं आलापीत तीन मिनिटांपूर्वी टाळलेला पंचम आत्ता हळूच घेतला, यातली मौज कळायला ती तीन मिनिटं मनात लागतात.

५. मग एवढं सुंदर का वाटतं?

खोटं वाटत नाही, खरंच सुंदर वाटतं. हे मान्य न करता केलेली व्यसनमुक्तीची भाषणं तरुणांच्या डोक्यावरून जातात, आणि त्याचं मला नवल वाटत नाही.

सुंदर वाटण्याची कारणं मला तीन दिसतात. एक, काळ ताणला जातो. सेकंदांचा हिशेब बिघडला की प्रत्येक स्वर प्रशस्त वाटतो. दोन, मनात चाललेली रोजची बडबड गप्प होते. उद्याचा हप्ता, साहेबांचा फोन, सासूबाईंची तपासणी, सगळं लांब जातं. गाणं ऐकताना आपण एरवी निम्मे तिथे नसतोच, त्यामानानं हे एकटक ऐकणं नवं वाटतं. तीन, पारखणारा आतला माणूस झोपतो. 'बरं आहे, पण मध्यम जरा उतरला' असं म्हणणारा कोपरा बंद पडला की जे कानावर येईल ते अलौकिक वाटतं. भिंतीवरचा पंखासुद्धा.

हा तिसरा मुद्दा सर्वात घातक, कारण तो स्वतःला लपवतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी नायट्रस ऑक्साइड घेऊन आपले विचार टिपले आणि १८८२मध्ये त्यावर लिहिलं. अमलात असताना विश्वाचं कोडं सुटल्याची त्यांना खात्री वाटत होती. शुद्धीवर येऊन कागद पाहिला तर बरीचशी ओळीत ओळ नसलेली वाक्यं. खात्री खरी होती, उत्तर नव्हतं. वाद्य हातात घेणाऱ्याचं असंच होतं. "त्या रात्री जे वाजलं ते पुन्हा वाजलं नाही" असं सांगणाऱ्या मित्राला त्या रात्रीचं रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवण झाल्यावर ऐकायला लावा. औषध घेऊन वाजवताना बोटांचा नेमकेपणा, लयीचा अंदाज आणि चूक पकडण्याची ताकद या तिन्हींना एकाच वेळी धक्का बसतो. त्यातली तिसरी गेल्यामुळे पहिल्या दोन गेल्याचं कळत नाही.

गोव्याचं उदाहरण इथे आठवतं. अंजुना-वागातोरच्या किनाऱ्यावर १९९०च्या सुमारास 'गोवा ट्रान्स' नावाचं नृत्यसंगीत घडलं. तिथली मुख्य नशा एलएसडीची, आपल्या गटातली नव्हे. पण त्या संगीताची घडण बोलकी आहे. सरळ चार ठोके, मिनिटाला एकशे चाळीसच्या आसपास, त्यावर सावकाश बदलत जाणारे पोत. ऐकणाऱ्यानं कधीही यावं, मध्येच हरवावं, परत यावं, काही चुकत नाही. लांबचा हिशेब त्याच्याकडून मागितलेलाच नसतो. झुमऱ्यातला बडा ख्याल पहाटे तीन वाजता समुद्रकिनारी का लावत नाहीत, याचं उत्तर त्यात आहे.

६. लक्ष चिकटणं आणि लक्ष धरणं

"पण एकाग्रता तर वाढते ना?" हा पुढचा प्रश्न. तासभर एकच सूर ऐकत बसलो, हलावंसं वाटलं नाही; ही एकाग्रता नाही तर काय?

लक्ष चिकटणं वेगळं आणि लक्ष धरणं वेगळं. धरलेलं लक्ष हलवता येतं: तबल्याकडून गळ्याकडे, गळ्याकडून संवादिनीकडे, आणि परत. ते दोन गोष्टी एकत्र तोलतं. चिकटलेलं लक्ष जिथे पडलं तिथे पडलं. घरी करून पाहण्याजोगा एक प्रयोग सांगतो, त्याला कोणतंही औषध लागत नाही. हातावर तीनतालाच्या सोळा मात्रा धरा, टाळी-खालीसकट, आणि त्याच वेळी शंभरातून सात-सात वजा करत मोठ्यानं म्हणा: त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. बहुतेकांची नवव्या मात्रेची खाली पहिल्या-दुसऱ्या आवर्तनातच चुकते. मनात काही क्षण माहिती धरून तिच्यावर काम करण्याची जी जागा आहे, ती भरून गेली म्हणून चुकते. मानसशास्त्रात हिला कार्यकारी स्मृती म्हणतात. केटामाइनच्या हलक्या अमलात हीच जागा आक्रसते. रियाज तर सगळा या जागेच्या जिवावर चालतो: गुरुजींनी घेतलेली जागा मनात धरायची, आपली जागा तिच्याशी ताडून पाहायची, फरक सुधारायचा.

आणि त्या वेळी जे ऐकलं ते नंतर नीट आठवतही नाही. स्मरणात नवी नोंद करायला एनएमडीए लागतं, आणि नेमकं तेच अडवलेलं असतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात सेलिया मॉर्गन आणि व्हॅलरी करन यांनी केटामाइनची नशा करणाऱ्यांचा माग ठेवला, तेव्हा वारंवार घेणाऱ्यांची स्मृती नशा उतरलेली असतानाही कमी पडत असल्याचं दिसलं.

७. शिमग्यातला ढोलवाला

आता रत्नागिरीच्या लोकांना जवळची गोष्ट. फारकत व्हायला औषधच लागतं असं नाही. फ्रान्समध्ये पिएर जाने यांनी १८८९मध्येच मनाच्या अशा सुटेपणावर ग्रंथ लिहिला, तेव्हा केटामाइनचा कुणी विचारही केला नव्हता. निवळीचा घाट कधी उतरलो ते कळलंच नाही, असं गाडी चालवणारा म्हणतो तेव्हा तो याच रस्त्याच्या पहिल्या पायरीवर असतो.

शिमग्यात गावोगाव ग्रामदेवतेच्या पालख्या निघतात. रत्नागिरी शहरात बारा वाड्यांच्या भैरीची पालखी बाहेर पडते. ढोल-ताशे तासन्‌तास चालतात, पालखी खांद्यावर, डोक्यावर नाचवली जाते आणि काही ठिकाणी कुणाच्या तरी अंगात येतं. डोळे फिरतात, आवाज बदलतो, नंतर विचारलं तर आठवत नाही. वर्णन ऐकून भूलतज्ज्ञाला ओळखीचं वाटेल. म्हणून कुणी घाईनं म्हणतं की ढोलाच्या ठोक्यानंच मेंदूत तसा फरक होतो. अँड्र्यू नेहर यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला असंच मांडलं होतं.

फ्रेंच संशोधक जिल्बेर रूजे यांनी १९८०मध्ये 'संगीत आणि समाधी-संचार' या विषयावर जाडजूड ग्रंथ काढून ही कल्पना निकालात काढली. जगभरच्या परंपरा तपासून त्यांनी विचारलं, ठोक्यातच जादू असेल तर तोच ठोका ऐकणाऱ्या शेकडो माणसांपैकी ठरावीक दोघा-तिघांच्याच अंगात का येतं? रात्रभर ढोलाला सर्वात जवळ असणाऱ्या ढोलवाल्याच्या अंगात सहसा का येत नाही? शिमग्यात ज्यांनी नीट पाहिलं असेल त्यांना हे पटेल. मानकरी ठरलेला, जागा ठरलेली, वेळ ठरलेली. अपेक्षा, श्रद्धा आणि गावाची संमती यांतून संचार येतो. वाद्य त्याला वाट करून देतं.

ढोलवाल्याचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. पालखी कुठे वळते, ताशा कधी चढवायचा, नाचणारा दमला का, सगळ्यांकडे त्याचं लक्ष असतं. भान हरपण्याचा सोहळा चालवणारा माणूस पूर्ण भानावर असावा लागतो. जो वाजवतो त्याला फारकत परवडत नाही, हे गावानं प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी ओळखलेलं आहे.

८. औषध कुणाच्या हाती

शेवटी थोडं व्यवहाराचं, कारण हे प्रकरण वाचून कुणी सिरपची बाटली शोधायला जाऊ नये.

केटामाइनचा एक नवा वैद्यकीय उपयोग आहे. कोणत्याच गोळीला न जुमानणाऱ्या नैराश्यात ते कमी मात्रेत झपाट्यानं उपयोगी पडतं, असं २०००पासूनच्या अभ्यासांत दिसू लागलं आणि त्याचंच एक रूप, एस्केटामाइन, २०१९मध्ये अमेरिकेत नाकातल्या फवाऱ्याच्या स्वरूपात मान्य झालं. अशा उपचारात रुग्णाला बऱ्याचदा शांत, शब्द नसलेलं संगीत ऐकवतात. रक्तदाब पाहिला जातो, डॉक्टर जवळ असतात, उपचारानंतर त्या दिवशी गाडी चालवू देत नाहीत. संगीत तिथे भीती कमी करायला असतं, कळायला नव्हे.

चोरून घेणाऱ्याला यातलं काहीच मिळत नाही. वारंवार केटामाइन घेणाऱ्यांचं मूत्राशय आक्रसतं, दर पंधरा मिनिटांनी लघवी, तीही रक्ताची. २००७पासून डॉक्टर हे नोंदवत आहेत. नायट्रस ऑक्साइड शरीरातलं ब-१२ जीवनसत्त्व निकामी करतं आणि वारंवार घेतलं तर मज्जारज्जूला इजा होऊन पाय लटपटू लागतात. आपल्याकडे शाकाहारी घरांत ब-१२ आधीच कमी असतं, त्यामुळे हा धोका जास्त. डेक्स्ट्रोमेथॉर्फनचं रूपांतर करणारं यकृतातलं विकर प्रत्येकात सारखं नसतं. मित्राला जे सोसलं ते दुसऱ्याला रुग्णालयात पोचवू शकतं. नैराश्याच्या काही गोळ्यांबरोबर ते जिवावर बेततं, आणि सर्दी-खोकल्याच्या मिश्र औषधात पॅरासिटामॉल असेल तर यकृत जातं ते वेगळंच. भारतात केटामाइन २०११पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणि २०१३पासून औषध कायद्याच्या 'एक्स' परिशिष्टात आहे. दुकानदाराला चिठ्ठीची प्रत दोन वर्षं जपावी लागते.

कुणाला आधीच सवय लागली असेल, किंवा औषध न घेताही आपण आपल्यापासून तुटल्यासारखं वारंवार वाटत असेल, तर तो चेष्टेचा विषय नाही आणि लाजेचाही नाही. ठाणे, पुणे, नागपूर यांच्याप्रमाणे रत्नागिरीतही प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तिथवर जायचा धीर होत नसेल तर १४४१६ हा केंद्र सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आहे, आणि दोन्ही फोनना पैसे पडत नाहीत.